दीड फुटाचा परवाना

काही महिन्यांपूर्वी मला एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो सध्या अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील सॅक्रॅमेंटो शहरात नोकरीस आहे. तिकडे पुष्कळ लोकांना सुटीत जलविहाराचा शौक असतो. बोट घराच्या अंगणात ठेवायची, सुटी लागली की चाकांच्या सांगाड्यावर चढवून मोटारीमागे जोडायची आणि शे-दोनशे किलोमीटरवरच्या सरोवरावर न्यायची, अशी तेथील रीत आहे. या चाकांच्या सांगाड्याला ट्रेलर म्हणतात. आमच्या या विद्यार्थ्यानेही दोघा मित्रांच्या भागीत एक जुनी बोट घ्यायचे ठरवले. बोट २८ फूट लांब आणि १० फूट रुंद. ट्रेलरसकट वजन सुमारे ५००० किलोग्रॅम. सगळे जमत आले आणि माशी शिंकली ती रुंदीपाशी! तो लिहितो :

“सर, इथे साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट रस्त्यावरून न्यायची तर राज्य सरकारचा खास परवाना काढावा लागतो. अवघ्या दीड फुटासाठी! शिवाय ब्रेक, साखळ्या, वेग, दिवे, वाहनचालकाचे लायसन यांचे नियम वेगळेच. हा निव्वळ कारकुनी खाक्या नव्हे काय?”

हा प्रश्न वाचून मला आमच्या वर्गातली एक नेहमीची तक्रार आठवली. नियम म्हणजे कुणीतरी कचेरीत बसून मनाला येईल तो आकडा लिहिणे, असे पुष्कळांना वाटते. तेव्हा म्हटले, कागद-पेन्सिल घेऊन एकेक नियम तपासूनच पाहावा. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान नववी-दहावीच्या पलीकडचे नाही.

साडेआठ फूट आले कोठून?

१९५६ साली अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे मोठे जाळे बांधण्याचा कायदा झाला. त्या कायद्याने या रस्त्यांवरील वाहनाची रुंदी ९६ इंच, म्हणजे ८ फूट, ठरवून दिली. पुढे १९८२ च्या कायद्याने मालमोटारींसाठी ती १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट करण्यात आली. मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे २.५९ मीटर. कॅलिफोर्नियातही सर्वसाधारण वाहनांसाठी हीच मर्यादा आहे. या महामार्गांवर वाहनाच्या एका रांगेसाठी आखलेला पट्टा १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो.

आता तुम्ही म्हणाल, पट्टा १२ फूट आणि बोट १० फूट. दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा राहतोच की! मग अडचण कसली?

अडचण अशी, की मागे ओढली जाणारी गाडी रुळांवरून जात नसते. ती हुकाभोवती डावी-उजवीकडे थोडी हलत असते. वाऱ्याचा झोत आला, शेजारून मोठी मालमोटार सुसाट गेली, रस्त्यात खड्डा लागला, की तिचे शेपूट झुलते. समजा, हुकापासून बोटीच्या पिछाडीपर्यंतचे अंतर ९ मीटर आहे आणि ट्रेलर सरळ रेषेपासून फक्त ३ अंशांनी वळला. तीन अंश म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा कोन. पण ३ अंशांची ज्या (साइन) आहे ०.०५२. तिला ९ मीटरने गुणा. पिछाडी सुमारे ४७ सेंटिमीटर बाजूला सरकली!

पट्ट्याच्या मध्यरेषेपासून कडेपर्यंतचे अंतर आहे १८३ सेंटिमीटर. साडेआठ फुटी बोटीची अर्धी रुंदी १२९ सेंटिमीटर. त्यात ४७ मिळवले की १७६ होतात. म्हणजे बोटीचा कोपरा पट्ट्याच्या आतच, पण कडेपासून अवघ्या ७ सेंटिमीटरांवर राहिला. दहा फुटी बोटीची अर्धी रुंदी १५२ सेंटिमीटर. १५२ अधिक ४७ म्हणजे १९९. तिचा कोपरा शेजारच्या पट्ट्यात १६ सेंटिमीटर घुसला. तेथे त्या क्षणी कुणी मोटारसायकलवाला असेल तर?

दीड फुटाचे महत्त्व ते एवढे आहे. सरळ उभ्या बोटीला तो दीड फूट नडत नाही. झुलणाऱ्या बोटीला नडतो.

परवाना म्हणजे काय?

मग दहा फुटी बोट रस्त्यावर मुळी आणूच नये, असा कायदा का केला नाही? कारण बोट ही अविभाज्य वस्तू आहे. गवताच्या पेंढ्या दोन खेपांत नेता येतात. बोट मधोमध कापून नेता येत नाही. म्हणून परवाना देण्याची सोय ठेवलेली आहे. मात्र त्याबरोबर अटी येतात. या अटी राज्याराज्यांत थोड्या वेगळ्या आहेत, पण त्यांचा गाभा सारखाच आहे.

सामान्यतः असा बोजा दिवसाउजेडी न्यायचा असतो. दाट धुके किंवा वादळ असेल तर थांबायचे. ‘जादा आकाराचा बोजा’ असे मोठ्या अक्षरांतले फलक लावायचे आणि कडांना लाल किंवा झळझळीत नारिंगी निशाणे बांधायची. रुंदी आणखी वाढली, बऱ्याच राज्यांत १२ फुटांपुढे गेली, तर पुढे किंवा मागे इशारा देणारी वेगळी मोटार ठेवावी लागते. परवान्यात मार्गही ठरवून दिलेला असतो. कारण उंचीचाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात बोज्यासह वाहनाची उंची १४ फुटांपर्यंत चालते. ट्रेलरवर चढवलेल्या मोठ्या बोटीचा माथा पुलाखालून जाईल की नाही, हे पुलाखाली पोचल्यावर कळून काय उपयोग?

या सर्व अटींचा अर्थ एकच आहे. रस्त्यावरच्या इतर माणसांनी ‘समोरचे वाहन साडेआठ फुटांच्या आत असणार’ असे गृहीत धरलेले असते. तुम्ही ते गृहीत मोडणार असाल, तर त्यांना ते आधी आणि लांबून कळले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या परिवहन खात्याचा परवाना राज्य महामार्गांपुरताच असतो. जिल्ह्याच्या किंवा शहराच्या रस्त्यासाठी तेथील परवाना वेगळा, आणि शेजारच्या नेवाडा राज्यात शिरायचे तर तोही वेगळा!

बैलगाडीचा धडा

आता बोट ट्रेलरवर कशी ठेवायची ते पाहू. हा धडा आपल्या गाडीवानांना शाळेत न जाताही ठाऊक असतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. माल पुढे जास्त झाला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून शहाणा गाडीवान माल असा रचतो, की जुवावर थोडासाच, पण निश्चित भार राहावा.

ट्रेलरचेही तसेच आहे. त्याचा हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या साधारणतः १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतील जाणकारांचा सल्ला असतो. आपल्या ५००० किलोग्रॅमच्या बोज्यासाठी हा भार ५०० ते ७५० किलोग्रॅम होईल. तरफेच्या नियमाने पाहा. हुकापासून ट्रेलरच्या आसापर्यंत ६ मीटर अंतर असेल, तर हुकावर ५०० किलोग्रॅम भार येण्यासाठी गुरुत्वमध्य आसाच्या पुढे किती असावा? ५००० गुणिले ते अंतर बरोबर ५०० गुणिले ६. उत्तर ०.६ मीटर. बोट नुसती दोन फूट मागे सरकवली की हा सगळा भार नाहीसा होतो!

आणि तसे झाले तर? ट्रेलर एकदा झुलला, की चाकांचे रस्त्याशी असलेले आडवे घर्षण त्याला पुन्हा सरळ करू पाहते. प्रत्येक झोक्याबरोबर आंदोलन लहान होत जाते. यालाच अवमंदन म्हणतात. पण वजन मागे असले की शेपटाचा झोका जोरकस होतो आणि पुढच्या मोटारीची मागची चाके हलकी होऊन त्यांची पकड सुटू लागते. शिवाय वेग वाढेल तसे अवमंदन कमी होते. एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. मग शेपूटच कुत्र्याला हलवू लागते आणि मोटार व ट्रेलर दोन्ही रस्त्यात आडवी होतात.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाने ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर जायचे नाही आणि उजव्या बाजूच्या पट्ट्यातून जायचे, असा नियम आहे. (तिकडे वाहने उजवीकडून चालतात. उजवा पट्टा हा सावकाश जाणाऱ्यांचा.) त्यामागे हे आंदोलनाचे गणित आहे. झोका सुरू झालाच, तर चालकाने मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नये. वेग हळूहळू उतरू द्यावा आणि सोय असल्यास फक्त ट्रेलरचा ब्रेक लावावा, म्हणजे मागचा ट्रेलर ताणला जाऊन सरळ होतो.

करून पाहा : खेळण्यातली दोनचाकी गाडी घ्या. तिच्या दांडीचे टोक खेळण्यातल्या मोटारीला सैलसर जोडा. आधी गाडीत आसाच्या पुढे खडा ठेवून ही जोडी उतरत्या फळीवरून सोडा. मग तोच खडा आसाच्या मागे ठेवून सोडा. दोन्ही वेळी मागची गाडी कशी चालते, ते चार-पाच वेळा पाहून वहीत लिहा.

ब्रेकचा नियम

कॅलिफोर्नियात १९६६ नंतरच्या, ३००० पौंड म्हणजे सुमारे १३६० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. इतर अनेक राज्यांतही हाच आकडा आहे. ब्रिटनमध्ये नियम आणखी कडक आहे. तेथे बिनब्रेकाचा ट्रेलर ७५० किलोग्रॅमपर्यंतच चालतो आणि तोही ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनाहून जड असता कामा नये.

का, ते मोजू. समजा, ओढणारी गाडी ३००० किलोग्रॅमची आहे आणि कोरड्या रस्त्यावर एकटी असताना तिचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करता येतो. ताशी ५५ मैल म्हणजे सेकंदाला २४.६ मीटर. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागले की थांबण्याचे अंतर मिळते. ६०५ भागिले १४, म्हणजे ४३ मीटर. आता मागे ५००० किलोग्रॅमचा बिनब्रेकाचा बोजा जोडा. थांबवणारे बल तेवढेच, पण वस्तुमान ३००० ऐवजी ८०००. मंदन उरले २.६. अंतर झाले ११५ मीटर! चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते, ते अंतर यात धरलेलेच नाही.

बोटीच्या ट्रेलरांवर एक मोठा मजेदार ब्रेक असतो. त्याला जडत्व-ब्रेक म्हणू. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर जडत्वामुळे पुढे रेटतो. हुकाजवळ एक सरकता दट्ट्या असतो. या रेट्याने तो दाबला जातो, त्यातील तेलाचा दाब चाकांपर्यंत पोचतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. जे जडत्व गाडीला ढकलून संकटात घालणार, त्याच्याकडूनच ब्रेक दाबून घेतलेला आहे! ट्रेलर जितक्या जोराने ढकलील, तितका ब्रेक अधिक आवळतो.

घाट उतरताना ब्रेकचे काम आणखी वाढते. सॅक्रॅमेंटोहून प्रसिद्ध टाहो सरोवराकडे जाताना एको समिट नावाची खिंड लागते. तिची उंची सुमारे २२५० मीटर आहे, तर सॅक्रॅमेंटो जवळजवळ समुद्रसपाटीवर. परत येताना ८००० किलोग्रॅमचा हा सारा लवाजमा तेवढा खाली उतरतो तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने साडेपाचशे लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळबिंदूपर्यंत तापेल. हवेचा रोध आणि खालच्या गिअरमध्ये टाकलेले इंजिन यांनी त्यातला वाटा उचलला नाही, तर ती सर्व उष्णता ब्रेकमध्ये जमा होईल. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. म्हणून चढाला जो गिअर, तोच उताराला, असे जुने चालक सांगतात.

आणि हूकच निसटला तर? त्यासाठी हुकाशिवाय वेगळी साखळी किंवा तारदोर जोडणे कायद्याने सक्तीचे आहे. दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींवर फुलीसारख्या घालतात. निसटलेली दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीच्या झोळीत पडते. साखळी वळणाला पुरेल इतकीच सैल ठेवायची. त्याहून सैल नाही. जड ट्रेलरवर आणखी एक योजना असते. तो तुटून वेगळा झाला तर त्याचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि त्यांनी त्याला निदान १५ मिनिटे जागच्या जागी धरून ठेवले पाहिजे. ट्रेलरची ठरवलेली कमाल वजनक्षमता १०,००० पौंडांच्या वर असेल, तर चालकाला मोटारीचे साधे लायसन पुरत नाही. वरच्या वर्गाची परीक्षा द्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्याचा बोजा ११,००० पौंडांचा. म्हणजे हाही नियम त्याला लागू!

कायद्याने घडवलेली बोट

आता एक गंमत सांगतो. पाण्यावर बोट कलंडू नये म्हणून ती रुंद हवी. बोट किंचित कलली असता तिला पुन्हा सरळ करणारा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी आणि वजन तेच ठेवून रुंदी साडेआठवरून दहा फूट केली, तर हा परिणाम १.६३ पट होतो. म्हणजे पाणी म्हणते, ‘रुंद हो’, आणि रस्ता म्हणतो, ‘अरुंद राहा’. या ओढाताणीमुळे ट्रेलरवरून नेण्याजोग्या असंख्य अमेरिकन बोटींची रुंदी नेमकी साडेआठ फूट ठेवलेली आढळते. बोटीचा आकार पाण्याने ठरवला असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो कायद्याच्या एका कलमानेही ठरवलेला असतो!

न्यूझीलंडमध्ये जन्मलेले इयान फॅरियर यांनी या कोड्यातून सुरेख वाट काढली. त्यांनी तीन होड्या आडव्या बाहूंनी जोडलेल्या शिडाच्या नौका तयार केल्या आणि बाजूच्या होड्या घडी घालून जवळ घेता येतील अशी योजना केली. १९८० च्या दशकातील त्यांची २७ फुटी नौका पाण्यात सुमारे १९ फूट रुंद होई आणि रस्त्यावर साडेआठ फुटांच्या आत मावे.

तिकीट न काढता जाणारे प्रवासी

एक नियम मात्र पदार्थविज्ञानाचा नसून जीवशास्त्राचा आहे. १९८८ साली अमेरिकेच्या ईशान्येकडील पंचमहासरोवरांच्या टापूत झेब्रा शिंपले सापडले. हे मूळचे तिथले नव्हेत. त्यांचे भाऊबंद क्वागा शिंपले जानेवारी २००७ मध्ये थेट नेवाडातील मीड जलाशयात दिसले. मधे हजारो किलोमीटर कोरडी जमीन. ते आले ट्रेलरवरच्या बोटींबरोबर, असे शास्त्रज्ञ मानतात. यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळात साचलेल्या थोड्याशा पाण्यातही ती प्रवास करतात आणि नव्या जागी कोट्यवधींनी वाढून पाण्याचे नळ बुजवून टाकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपल्यांची नवी जात आढळली.

म्हणून बोट बाहेर काढल्यावर ती धुवावी, सर्व पाणी काढून टाकावे आणि वाळवावी, असा दंडक आहे. टाहो सरोवरावर २००८ पासून तपासणी झाल्याशिवाय मोटारबोट पाण्यात सोडता येत नाही.

आपल्या रस्त्यांवर

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अशा बोटी कुठे आहेत? बोटी नसतील, पण उसाच्या ट्रॉल्या आहेत! साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि पुष्कळदा मागे दिवाही नाही. अशा ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला तर उतारावर काय होईल, याचे गणित आपण आत्ताच मांडले. वेग कमी असला तरी वस्तुमान मोठे आहे. रात्री मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला ती अंधारात दिसतच नाही. रुंदी, दिवे, ब्रेक, साखळी हे चार शब्द सॅक्रॅमेंटोइतकेच सांगली-सोलापूरलाही लागू पडतात.

मी हा सारा हिशेब आमच्या विद्यार्थ्याला पाठवला. त्याचे उत्तर आले. त्याने दहा फुटी बोटीचा नाद सोडला होता आणि साडेआठ फुटी, वजनाने निम्मी अशी एक बोट पाहून ठेवली होती. पत्राच्या शेवटी त्याने एक ओळ लिहिली होती : “सर, १६ सेंटिमीटरचा कोपरा डोळ्यांपुढून हलत नाही.”

तुमच्या गावात या हंगामात ऊस, कडबा किंवा कापूस नेणारी ट्रॉली उभी दिसली, तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तिची रुंदी, लांबी आणि हुकापासून आसापर्यंतचे अंतर मोजा. मागे दिवे किंवा चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत का, हुकाला जोडीची साखळी आहे का, तेही पाहा. मग ती तीन अंश झुलली तर तिचा कोपरा तुमच्या रस्त्याच्या मध्यरेषेपलीकडे किती जाईल, ते काढा. उत्तर शिक्षकांना दाखवा, आणि त्या ट्रॅक्टरच्या चालकालाही सांगा.